विनोद खोसला: डाव मोठा, पण बुडलं तर कुणाचं?

सोंगट्या

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या धाग्यावर "२०१९ मध्ये त्यात पैसे घालणारे विनोद खोसला आपले पुणेकर" असा एक प्रतिसाद आला आणि पुढची सगळी चर्चा पुण्यावर घसरली. सन मायक्रोसिस्टिम्स काढणारा आणि पुढे अमेरिकेतला मोठा गुंतवणूकदार झालेला माणूस राहिला बाजूला. म्हणून हा वेगळा धागा.

पुण्याचं आधी उरकतो. जन्म पुण्याचा, २८ जानेवारी १९५५. वडील सैन्यात. वाढले दिल्लीत, शिकले आयआयटी दिल्लीत. त्यामुळे इथे बाकरवडी नको.

शाळकरी वयात त्यांनी इंटेल कशी उभी राहिली ते मासिकात वाचलं आणि आपणही कंपनी काढायची हे डोक्यात घेतलं. १९७६ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्यावर पहिली खटपट भारतातच केली, तीही सोयाबीनच्या दुधाची. फ्रिज नसलेल्या घरांत दूध टिकत नाही, त्याला पर्याय द्यायचा होता. जमलं नाही. परवान्यांचे दिवस होते आणि कल्पनेवर पैसे लावणारा कुणी शोधून सापडला नसता. मग कार्नेगी मेलनला बायोमेडिकल इंजिनिअरिंग, आणि तिथून स्टॅनफर्डचं एमबीए. स्टॅनफर्डने आधी सांगितलं, दोन वर्षं नोकरी करून या. या गृहस्थांनी वर्षभर एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्या आणि दोन वर्षं भरली म्हणून पुन्हा अर्ज टाकला! तरीही नकार. मग असा पिच्छा पुरवला की शेवटी घेतलं. १९८० मध्ये एमबीए. हा स्वभाव पुढे जन्मभर दिसतो, कौतुक वाटावं असा आणि वैताग यावा असाही.

पहिली कंपनी डेझी सिस्टिम्स, दोन भागीदारांसोबत. इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअरांना सर्किटची रचना संगणकावर करता यावी, असं सॉफ्टवेअर. पण ते चालवण्याजोगा संगणकच बाजारात नव्हता. डेझीला यंत्रंही स्वतःच बनवावी लागली आणि निम्म्याहून जास्त जोर त्यातच गेला. खोसलांना त्या अडचणीतच पुढची कंपनी दिसली. जे यंत्र आपल्याला हवं होतं ते सगळ्यांनाच हवं असणार.

स्टॅनफर्डमध्ये अँडी बेख्टोल्सहाइम हा जर्मन विद्यार्थी विद्यापीठाच्या नेटवर्कसाठी मोटोरोला ६८००० चिपवर एक वर्कस्टेशन, म्हणजे इंजिनिअरांसाठीचा ताकदवान संगणक, तयार करून बसला होता. त्या रचनेचे परवाने तो कंपन्यांना विकायचा. खोसलांनी त्याला सांगितलं की मला सोन्याचं अंडं नको, कोंबडी हवी. अँडी आला, एमबीएचा वर्गमित्र स्कॉट मॅकनीली आला, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणारा बर्कलीचा बिल जॉय आला. फेब्रुवारी १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स सुरू झाली आणि पहिले सीईओ खोसला.

समोर अपोलो नावाची पाय रोवलेली कंपनी होती. कॉम्प्युटरव्हिजन या मोठ्या गिऱ्हाइकाने अपोलोला होकारही कळवला होता. खोसला विमान पकडून मॅसॅच्युसेट्सला गेले, त्यांच्या दारात ठाण मांडून बसले आणि अशा अटी पुढे केल्या की ठरलेला सौदा फिरला. अपोलोचं सगळं स्वतःचं आणि बंदिस्त. सनचं मशीन बाजारात मिळणाऱ्या भागांवर आणि युनिक्सवर उभं, त्यामुळे स्वस्त, आणि दर वर्षी नवं काढता येणारं. १९८८ मध्ये सनची वर्षाची विक्री १०० कोटी डॉलरवर गेली. १९८९ मध्ये अपोलो एचपीच्या पोटात गेली.

पण तोवर खोसला तिथे नव्हते. १९८४ मध्येच सूत्रं मॅकनीलीकडे गेली होती. म्हणजे कंपन्या काढणं तिशीच्या आत संपलं. १९८६ मध्ये ते नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या क्लायनर पर्किन्समध्ये गुंतवणूकदार म्हणून गेले आणि २००४ मध्ये स्वतःची खोसला व्हेंचर्स काढली.

मला खरं बोलायचंय ते इथून पुढच्या काळाबद्दल. जुनिपरचं उदाहरण घ्या. १९९६ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातून बाहेर पडलेले प्रदीप सिंधू इंटरनेटसाठी राउटर बनवायचा विचार घेऊन आले. तेव्हा मोठ्या टेलिफोन कंपन्या सांगत होत्या की सार्वजनिक जाळ्यात आम्ही इंटरनेटचा प्रोटोकॉल वापरणारच नाही, आमचं भविष्य एटीएम तंत्रज्ञानात आहे. (पैसे काढायचं एटीएम नव्हे, जाळ्यातून माहिती पाठवायची एक वेगळी पद्धत.) म्हणजे ज्यांना माल विकायचा तेच नको म्हणतायत. खोसलांनी तरी पैसे लावले. जून १९९९ मध्ये जुनिपर शेअर बाजारात आली आणि क्लायनरच्या तीस-चाळीस लाख डॉलरचे सुमारे ७०० कोटी डॉलर झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी उभी करायला मदत केलेली सेरेंट ही टेलिफोन जाळ्यांची उपकरणं बनवणारी कंपनी सिस्कोने ६९० कोटी डॉलरच्या आसपास घेतली.

हिशेब असा की एखाद्या कंपनीत बुडलात तर जास्तीत जास्त एकपट बुडता. लागली तर हजारपट लागू शकते. दहातल्या नऊ बुडाल्या तरी चालतील, पण दहावी लहान असता कामा नये. खोसला हे वर्षानुवर्षं जाहीरपणे सांगत आलेत: यशाची शक्यता कमी असली तरी हरकत नाही, यशाचा आकार मात्र जग हलवणारा हवा.

कागदावर हे बिनतोड आहे. पण "एकपट बुडालं" म्हणताना ते कुणाचं बुडालं, हे प्रत्येक वेळी वेगळं असतं, आणि खोसलांची पुढची कारकीर्द मला त्यासाठीच वाचण्यासारखी वाटते. जुनिपर बुडाली असती तर श्रीमंतांचे चाळीस लाख गेले असते, कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पुढे जंगलातल्या लाकडाच्या चिपाट्यांपासून पेट्रोल, गरीब बायकांना कर्जं, डॉक्टरांच्या जागी अल्गोरिदम असे डाव आले, तिथे हिशेबात इतर माणसंही आली.

प्रतिसादांत एकेक घेऊ. घाई नाही.

रातकिडा

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्या लॅबमध्ये सनची मशिन्स होती. एसी फक्त त्या खोलीला, त्यामुळे उन्हाळ्यात सगळ्यांना युनिक्सची अचानक गोडी लागायची. पुढे जावा ही प्रोग्रामिंगची भाषाही त्यांचीच, १९९५. आणि एवढं सगळं २०१० मध्ये ओरॅकलला गेलं, साधारण ७४० कोटी डॉलरला. वाईट वाटलं होतं.

तिरकस

मोठा डाव, मोठं मन वगैरे ठीक. गूगलचं सांगा की.

सोंगट्या

सांगतो. १९९९ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन आपलं सर्च इंजिन विकायला तयार होते. एक्साइट ही तेव्हाची मोठी पोर्टल कंपनी, त्यात खोसलांचे पैसे. खोसलांनी घासाघीस करून भाव दहा लाख डॉलरवरून साडेसात लाखांवर आणला. एक्साइटचे सीईओ जॉर्ज बेल तरी नको म्हणाले. २००१ मध्ये एक्साइट अॅट होम (एक्साइट ज्यात विलीन झाली ती कंपनी) दिवाळखोरीत गेली.

लोक ही गोष्ट हसण्यावारी नेतात. मला त्यात वेगळंच दिसतं. गुंतवणूकदार कितीही मोठा असला तरी सीईओ नाही म्हणाला की विषय संपतो.

चौकस

क्लायनरनेच त्याच वर्षी गूगलमध्ये पैसे घातले ना? म्हणजे पुढच्या दाराने नाही तर मागच्या दाराने लक्ष्मी आलीच.

सोंगट्या

हो, सेक्वोया हा तसाच दुसरा फंड आणि क्लायनर, दोघांनी मिळून २.५ कोटी डॉलर. तो सौदा क्लायनरमधल्याच जॉन डोर यांच्याकडून झाला.

गुळवेल

एक बाळबोध प्रश्न. "खोसलांनी पैसे लावले" म्हणजे त्यांच्या खिशातले का? क्लायनर काय, खोसला व्हेंचर्स काय, हे पैसे मुळात येतात कुठून?

कारकून

बाळबोध अजिबात नाही, सगळ्या धाग्याची चावी इथेच आहे.

व्हेंचर फंडात पैसे घालणारे वेगळे आणि चालवणारे वेगळे. घालणाऱ्यांत पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी, विमा कंपन्या, धनाढ्य घराणी येतात. चालवणारे साधारण दहा वर्षांसाठी ते पैसे घेतात, सुरुवातीच्या चार-पाच वर्षांत कंपन्यांत गुंतवतात आणि मग वाट बघतात. त्याबद्दल वर्षाला फंडाच्या दोन टक्क्यांच्या आसपास फी, आणि नफा झाला तर त्यातला साधारण वीस टक्के वाटा. नफा नाही झाला तर वाटा नाही, पण फी घेऊन झालेली असते. चालवणारे स्वतःचेही थोडे पैसे घालतात, बहुतेक फंडांत ते अगदी नावापुरते असतात.

इथे खोसलांना गुण द्यायला हवेत. २००४ नंतरची पहिली काही वर्षं खोसला व्हेंचर्स त्यांच्याच पैशांवर चालली. २००९ मध्ये पहिल्यांदा बाहेरचे पैसे घेतले, १०० कोटी डॉलरहून जास्त. मंदीचं वर्ष, भलेभले फंड रिकाम्या हाताने परतत होते. पैसे देणाऱ्यांत कॅलपर्स होता, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा पेन्शन फंड. तेव्हा धागाकर्त्याच्या प्रश्नाचं एक उत्तर असं की बुडलं तर थोडंसं तिथल्या निवृत्त सरकारी कारकुनांचंही. अर्थात इतक्या मोठ्या फंडाच्या पैशांतला तो इवलासा हिस्सा, आणि तो जोखमीचाच म्हणून बाजूला काढलेला.

गुळवेल

धन्यवाद, आता कळलं. फीचं ऐकून करिअर चुकलं असं वाटतंय.

तिरकस

कारकून, त्या निवृत्त कारकुनांना गणित विचारून घातले नव्हते पैसे. असो. एसकेएसवर कुणी बोलणार आहे की मी बोलू?

एसकेएस मायक्रोफायनान्स, विक्रम अकुला यांची, हैदराबाद. गावोगावी बायकांचे गट करायचे, तारणाशिवाय छोटं कर्ज, आठवड्याला हप्ता, एकीने चुकवला तर बाकीच्यांचा दबाव. सुरुवात ना-नफा संस्था म्हणून, मग नफ्यासाठी चालणारी कंपनी. खोसला त्यात सुरुवातीच्या गुंतवणूकदारांपैकी. ऑगस्ट २०१० मध्ये शेअर ९८५ रुपयांनी बाजारात आला. न्यूयॉर्क टाइम्सने तेव्हा खोसलांचा कागदोपत्री नफा ११ कोटी डॉलरच्या वर सांगितला होता. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचे मुहम्मद युनूस तेव्हाच ओरडून सांगत होते की गरिबांकडून नफा काढून भागधारकांना देणं हा मायक्रोक्रेडिटचा धंदाच नव्हे.

दोन महिन्यांत काय झालं? आंध्रात एकेका घरावर चार-चार कंपन्यांची कर्जं, वसुलीचा जाच, आत्महत्यांच्या बातम्या. ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढला, वसुली ठप्प झाली, आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत शेअर शंभराच्या आसपास घसरला. जास्तीत जास्त एकपट बुडतं म्हणे! त्या बायांचं किती पट बुडालं याचा रकाना कुठल्या एक्सेलमध्ये आहे?

सोंगट्या

तिरकस, मुद्दा मान्य, पण अर्धा. खोसलांनी तेव्हाच जाहीर केलं होतं की एसकेएसचा नफा स्वतःकडे न ठेवता भारत, आफ्रिकेसारख्या ठिकाणी गरिबांसाठी चालणाऱ्या, पण नफा कमावणाऱ्या धंद्यांत घालणार. त्यांची धारणाच अशी की देणगीवर चालणारी संस्था मोठी होत नाही, नफ्यावर चालणारी होते. तुम्हाला मला पटो न पटो, त्यात लबाडी नाही.

अडचण मला वेगळी वाटते. राउटरच्या कंपनीला "लवकर मोठे व्हा" म्हणणं आणि कर्ज देणाऱ्या कंपनीला तेच म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. राउटर घाईने विकला तर फार तर परत येईल. कर्ज घाईने विकलं की ते फेडू न शकणाऱ्याच्याच गळ्यात पडतं, आणि हे कळायला वर्षभर लागतं. तोवर वाढीचा आलेख झकास दिसतो.

चौकस

एकच भर. एसकेएस बुडाली नाही. आंध्र सोडून बाकी राज्यांत सावरली, नाव बदलून भारत फायनान्शियल इन्क्लूजन झाली आणि २०१९ मध्ये इंडसइंड बँकेत विलीन झाली. ज्यांनी खाली धरून ठेवले त्यांचे शेअर परत वर आले.

तिरकस

शेअर आले हो.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर, त्यामुळे माझा आवडता राग आळवते. जानेवारी २०१२ मध्ये खोसलांनी लिहिलं की डॉक्टर जे करतात त्यातलं ८० टक्के काम यंत्रं करतील. आमच्या ग्रुपवर तेव्हा जो धुरळा उडाला! "याने कधी ओपीडी पाहिली आहे का" इथपासून सुरुवात.

आता शांतपणे पाहिलं तर दोन्ही बाजूंना काही ना काही हाती लागलंय. त्यांचेच पैसे असलेल्या अलाइव्हकॉरने फोनला जोडून ईसीजी काढायचं छोटं यंत्र आणलं, २०१२ च्या शेवटी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. अनियमित ठोके पकडायला खरंच कामाचं आहे, रुग्ण घरून पट्टी पाठवतात. २०१८ मध्ये मधुमेहींच्या डोळ्याचा पडदा तपासून डॉक्टरशिवाय निदान देणाऱ्या प्रणालीला तिथे मान्यता मिळाली. ती कंपनी त्यांची नव्हे, पण भाकीत त्याच जातीचं. म्हणजे तुकड्या-तुकड्यांत बरोबर.

८० टक्क्यांचा आकडा मात्र ज्याने काढला त्याला दवाखान्यात दिवस कसा जातो हे माहीत नाही. माझ्याकडे पोटात दुखतंय म्हणून आलेल्या बाईचं निम्मं बोलणं सासूबद्दल असतं आणि निदान त्या निम्म्यात असतं. अल्गोरिदमला पोट कळेल.

बाकी, बाहेरच्या माणसाने असं बेधडक म्हटल्याशिवाय आमच्या क्षेत्रात कुणी हलतही नाही, हेही खरं. कुणाला सांगू नका मी असं म्हटलं.

रातकिडा

सासूसाठी वेगळा स्टार्टअप काढा, पैसे मिळतील.

सोंगट्या

आता चिपाट्यांचं पेट्रोल. हा भाग मला सगळ्यात बोलका वाटतो.

२००५ नंतर खोसलांनी स्वच्छ ऊर्जेत झोकून दिलं. तर्क तोच: यशस्वी होण्याची शक्यता कमी, पण झालंच तर तेलाचं सगळं गणित बदलेल. रेंज फ्युएल्स ही कंपनी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या सोपरटनला लाकडापासून इथेनॉल करणार होती. ऊर्जा खात्याचं अनुदान मिळालं, कृषी खात्याची कर्जहमी मिळाली, इथेनॉल काही ठरल्याप्रमाणे निघालं नाही आणि २०११ मध्ये ती बंद पडली. गंमत म्हणजे तो कारखाना लिलावात पन्नास लाख डॉलरच्या आसपास घेतला लांझाटेकने, आणि लांझाटेकमध्येही पैसे खोसलांचेच.

दुसरी कायोर. मिसिसिपीतल्या कोलंबसला कारखाना. लाकडाच्या चिपाट्यांपासून कच्च्या तेलासारखं काहीतरी करायचं आणि त्यातून पेट्रोल-डिझेल. मिसिसिपी हे अमेरिकेतल्या गरीब राज्यांपैकी. त्याने साडेसात कोटी डॉलरचं बिनव्याजी कर्ज दिलं, नोकऱ्या येतील म्हणून. २०११ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. टनामागे जेवढं तेल निघायला हवं तेवढं निघेना. नोव्हेंबर २०१४ मध्ये दिवाळखोरी. राज्य कोर्टात गेलं, शेअर बाजाराच्या नियामकाने माहिती दडवल्याबद्दल २०१६ मध्ये कंपनीवर कारवाई केली. खोसलांनी शेवटपर्यंत स्वतःचे पैसे ओतले हेही खरं, सगळ्यात जास्त त्यांचेच गेले.

सॉफ्टवेअरमध्ये चूक कळायला पाच-दहा लाख डॉलर पुरतात. कारखान्यात चूक कळते ती कारखाना बांधून झाल्यावर. प्रयोगशाळेत बाटलीभर निघालेलं तेल पाचशे टन लाकडाला त्याच हिशेबाने निघत नाही, आणि ते कळेपर्यंत कोट्यवधी गेलेले असतात. "हरलो तर एकपट" मधलं ते एकपटच इथे अवाढव्य होतं, म्हणून बाहेरचे पैसे लागतात, म्हणून सरकार येतं.

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या टीव्ही कार्यक्रमाने या सगळ्या क्षेत्राचं दिवाळं वाजल्याचं दाखवलं, तेव्हा खोसलांनी त्यांना लांबलचक खुलं पत्र लिहून चुका काढल्या. गप्प बसणं स्वभावात नाही.

कारकून

समतोलासाठी: याच काळात, याच तर्काने घातलेले बाकीचे पैसेही मोजायला हवेत. २०११ मध्ये वनस्पतींपासून मांसासारखा पदार्थ करू पाहणाऱ्या पॅट ब्राउन यांच्या इम्पॉसिबल फूड्सला पहिले पैसे यांचे. बॅटरीवाल्या क्वांटमस्केपला २०१० मध्ये. त्याच्याच आगेमागे स्क्वेअर, स्ट्राइप (दोन्ही पैसे चुकते करण्याच्या सेवा), इन्स्टाकार्ट, डोअरडॅश (घरपोच किराणा आणि जेवण). फंडाचा ताळेबंद या शेवटच्या मंडळींनी सावरला. चिपाट्यांच्या तेलाची भरपाई घरपोच जेवणाने केली.

शिंपला

समुद्राचा विषय अजून कसा निघाला नाही?

२००८ मध्ये खोसलांनी कॅलिफोर्नियात हाफ मून बेजवळ मार्टिन्स बीचलगतची जमीन ३.२५ कोटी डॉलरला घेतली. किनाऱ्यावर जायचा एकच रस्ता, तो या जमिनीतून. आधीचे मालक गाडी लावायचे पैसे घेऊन लोकांना आत सोडत. यांनी थोड्याच काळात फाटक लावलं. सर्फिंगवाले भडकले, त्यांच्या सर्फरायडर फाउंडेशन या संस्थेने खटला भरला. कॅलिफोर्नियात भरतीच्या रेषेखालची वाळू सगळ्यांची, आणि १९७६ च्या किनारा कायद्यानुसार येण्या-जाण्यात बदल करायचा तर परवानगी लागते. कोर्टं त्यांच्या विरुद्ध गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. तरी वाद मिटला नाही, २०२० मध्ये राज्याने वेगळा दावा लावला.

ही जमीन घेतली नसती तर बरं झालं असतं असंही ते एका मुलाखतीत म्हणाले, आणि तरीही लढत राहिले, का तर तत्त्वाचा प्रश्न. खाजगी मालमत्ता म्हणजे खाजगी मालमत्ता.

तिरकस

स्टॅनफर्डने दोनदा नाही म्हटलं तरी ऐकलं नव्हतं, सुप्रीम कोर्ट कोण लागून गेलं.

सोंगट्या

तिरकस, हा प्रतिसाद मूळ लेखात चिकटवावा असा आहे.

खटपट्या

बरेच दिवस नुसता वाचतोय. इथे सगळे खोसलांच्या बाजूने किंवा गरिबांच्या बाजूने बोलले. मधल्या माणसाचं कुणी बोललं नाही, तो म्हणजे कंपनी काढणारा. मी काढली होती, एका फंडाचे पैसे घेऊन. नाव सांगत नाही.

हजारपटीचं गणित गुंतवणूकदारासाठी बिनतोड आहे, कारण त्याच्याकडे पन्नास कंपन्या आहेत. माझ्याकडे एकच. माझा धंदा तिसऱ्या वर्षी बऱ्यापैकी चालत होता, फायद्यात यायच्या बेतात होता. पंचवीस-तीस माणसांचं व्यवस्थित भागलं असतं. फंडाच्या दृष्टीने मी निकामी, कारण तिप्पट झालेली कंपनी त्यांचा फंड तारत नाही. मग सल्ला काय? अजून तीन शहरांत जा, माणसं दुप्पट करा, फायदा नंतर बघू. त्यांच्यासाठी हे शहाणपणाचंच होतं. मी मेलो तरी एकपट, वाचलो तर कुणी सांगावं. मी गेलो तीन शहरांत. पुढचं सांगायला नको.

आणखी एक कलम असतं, त्याला लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणतात. कंपनी विकली गेली तर आधी गुंतवणूकदाराचे पैसे पूर्ण परत, मग उरलं तर बाकीच्यांना. म्हणजे दहा कोटी घेतले आणि कंपनी बारा कोटींना विकली, तर पेपरात "बारा कोटींना विक्री" छापून येतं आणि इतकी वर्षं घासलेल्या लोकांच्या हातात उरलेल्या दोन कोटींतला वाटा. सही करताना हे वाचलं होतं, पण तेव्हा कंपनी शंभर कोटींना विकली जाणार होती ना.

खोसलांबद्दल मला एका गोष्टीसाठी आदर आहे. ते स्वतः जाहीरपणे म्हणाले होते की बहुतेक गुंतवणूकदार कंपनीला मदत करत नाहीत, उलट ७०-८० टक्के तिचं नुकसानच करतात. स्वतःच्या जातभाईंबद्दल इतकं स्पष्ट कोण बोलतं? त्यांनी सन चालवून पाहिली होती, म्हणून बोलले. माझ्या बोर्डावर बसलेल्या पोराने आयुष्यात एक बिल वसूल केलेलं नव्हतं.

नाडीपरीक्षा

खटपट्या, तळमळीने लिहिलंय. लिक्विडेशनचं पहिल्यांदाच समजलं.

कारकून

खटपट्यांशी शंभर टक्के सहमत, आणि एकपट प्रेफरन्स म्हणजे त्यातल्या त्यात बरी अट. २००१ च्या इंटरनेट कंपन्यांच्या पडझडीनंतर दोनपट-तीनपटही लिहून घेत होते.

चौकस

मूळ विषयावर येऊ? ओपनएआयमध्ये नक्की किती घातले आणि काय अटीवर?

सोंगट्या

२०१९ मध्ये ५ कोटी डॉलर. कुठल्याही कंपनीला त्यांनी दिलेला तोवरचा सर्वांत मोठा पहिला धनादेश, आधीच्या मोठ्यातल्या मोठ्याच्याही सुमारे दुप्पट. तेव्हा चॅटजीपीटी नव्हतं, धंद्याचा पत्ता नव्हता, ना-नफा संस्थेच्या पोटात एक नफ्याची कंपनी अशी विचित्र रचना होती. आणि अट अशी की या पहिल्या फेरीतल्यांना जास्तीत जास्त शंभरपट, त्यावरचं सगळं ना-नफा संस्थेला. म्हणजे हजारपटीवर जन्म काढलेल्या माणसाने शंभरपटीची मर्यादा मान्य केली. पुढे २०२५ च्या फेररचनेत ती मर्यादाच निघाली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये संचालकांनी ओपनएआयचे सीईओ सॅम ऑल्टमन यांना काढलं तेव्हा खोसला जाहीरपणे ऑल्टमनच्या बाजूने उभे राहिले. ती मर्यादा आणि ते संचालक मंडळ, दोन्ही याच भीतीपोटी होतं की ही वस्तू फार मोठी झाली तर तिला आवरणारं कुणीतरी हवं. त्या आवरण्याच्या प्रसंगी खोसला कुठल्या बाजूला होते ते पाहा. फाटकाच्या वेळी होते त्याच.

शिंपला

ऑल्टमनला काढण्याची ती पद्धतही काही धड नव्हती. कंपनीतले बहुतेक सगळे कर्मचारी सोडून जायच्या तयारीत होते.

सोंगट्या

पद्धत वाईटच होती. मी फक्त बाजू सांगतोय.

गुळवेल

घरच्यांबद्दल कुणी काही लिहिलं नाही. पत्नी नीरू खोसला यांचं सीके-१२ फाउंडेशन शाळेची पाठ्यपुस्तकं इंटरनेटवर फुकट देतं. माझ्या मुलाने भौतिकशास्त्रासाठी भरपूर वापरलं. मला तर या दोघांत त्याच जास्त आवडल्या.

खटपट्या, विचारू का? पुन्हा कंपनी काढलीत तर असले पैसे घ्याल?

खटपट्या

विचारा की. काढली आहे, छोटी आहे. सध्या गिऱ्हाइकांच्या आगाऊ पैशांवर चालते.

पुढे घ्यावेच लागले तर घेईन, पण दोन गोष्टी आधी लिहून घेईन. एक, पहिल्या बरी किंमत देणाऱ्याला कंपनी विकायचा अधिकार माझ्याकडे, बोर्डाने अडवायचं नाही. दोन, फंड कुठल्या वर्षी सुरू झालाय ते विचारीन. आठव्या वर्षातला फंड असेल तर त्यांना दोन वर्षांत पैसे परत द्यायचे असतात आणि ती घाई आपल्या डोक्यावर येते. दुसऱ्या वर्षातला असेल तर बोलू. यातलं एकही कुणी मान्य करेल असं वाटत नाही, म्हणून आगाऊ पैसे.